सॅन होजेतील मोबाइल होम : पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरचा अभिप्राय

पैसे वाचवण्यासाठी मोबाइल होममध्ये राहायला जावे का, असे सनीव्हेलला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला विचारले, आणि फोनवर दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटल्याने हे सविस्तर लिहीत आहे. आम्ही पतिपत्नी आणि आमची मुलगी ऑक्टोबर 2019 पासून कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरातल्या एका मोबाइल होम पार्कमध्ये, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीत, राहतो. घर 1979 साली तयार झालेले, 1,344 चौरस फुटांचे असून ते आम्ही 2 लाख 20 हजार डॉलरना घेतले. त्या वेळी याच शहरात स्वतःच्या जमिनीवरील साध्या, जुन्या घरालाही दहा लाख डॉलरच्या आसपास किंमत पडत होती, त्यामुळे आमचा आकडा ऐकून परिचितांपैकी काहींना हेवा वाटला आणि काहींना आम्ही फसलो असे वाटले. दोन्ही प्रतिक्रियांत थोडे थोडे तथ्य होते.

‘मोबाइल’ या शब्दाने भारतातील वाचकाचीच नव्हे, तर येथे नव्याने आलेल्याचीही दिशाभूल होते. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी घराभोवती एक फेरी मारून चाके शोधली. चाके नाहीत, पण त्यांचा शोध अगदीच चुकीचा नव्हता, कारण हे घर कारखान्यात लोखंडी सांगाड्यावर बांधले जाते आणि ट्रकमागे जोडून जागेवर आणले जाते. आमच्यासारखे ‘डबलवाइड’ असेल तर दोन अर्धे भाग वेगवेगळे येतात आणि मधोमध सांधले जातात. एकदा ते टेकूंवर बसवून भोवतीने झाकणपट्ट्या लावल्या की बहुतेक घरे तेथून पुन्हा कधीच हलत नाहीत. हलवण्याचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो आणि जुने घर दुसऱ्या पार्कमध्ये सहसा घेतही नाहीत. म्हणजे घर नावापुरते फिरते आहे आणि मालक मात्र त्या जागेशी पक्का बांधलेला आहे, ही गोष्ट घर पाहायला जाण्यापूर्वीच मनात ठेवावी.

या घरांच्या बाबतीत 15 जून 1976 ही तारीख फार महत्त्वाची आहे. त्या दिवसापासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची बांधकाम नियमावली लागू झाली. त्यापूर्वीच्या घराला कायद्याच्या भाषेत ‘मोबाइल होम’ आणि नंतरच्या घराला ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणतात, जरी बोलताना सगळे पहिलाच शब्द वापरतात. नियमावलीनुसार तयार झालेल्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून एक लाल धातूची पट्टी असते, आणि आत, बहुधा स्वयंपाकघरातील एखाद्या कपाटाच्या दाराच्या मागे, घराची माहिती देणारा कागद चिकटवलेला असतो. 1976 पूर्वीच्या घरासाठी कर्ज आणि विमा दोन्ही मिळणे अवघड जाते, म्हणून स्वस्त दिसले तरी असे घर टाळलेले बरे. कॅलिफोर्नियात दुसरीही एक तारीख पाहावी लागते. 1 जुलै 1980 पूर्वी प्रथम विकल्या गेलेल्या घरावर इतर घरांप्रमाणे मालमत्ता कर न लागता मोटारीसारखे वार्षिक नोंदणी शुल्क लागते आणि त्याचे स्टिकर घराला लावावे लागते. आमचे घर 1979 चे असल्याने आम्ही हे किरकोळ शुल्क भरतो, आणि दरवर्षी ते स्टिकर लावताना आपण घरात राहतो की गाडीत, असा प्रश्न मला पडतो.

आता प्रत्यक्ष घराविषयी. चांगले आधी सांगायचे तर जागा मोकळी आहे. 900 चौरस फुटांच्या अपार्टमेंटमधून आलेल्या आम्हाला दोन शयनगृहे, एक अभ्यासाची खोली, दोन स्नानगृहे आणि मोठे स्वयंपाकघर हे वैभवच वाटले. डोक्यावर कोणी चालत नाही, भिंतीपलीकडे कोणाचा टीव्ही नाही, आणि फोडणी दिली की धूर मागच्या खिडकीतून सरळ बाहेर जातो. अपार्टमेंटमध्ये मिरचीच्या ठेच्यामुळे धुराचा गजर वाजून शेजारी बाहेर येत असत, तो प्रकार येथे संपला. दारापुढे तुळशीची कुंडी, कढीपत्त्याचे झाड आणि दोन गाड्या उभ्या राहतील एवढा पत्र्याच्या छताखालचा भाग आहे.

बांधणी मात्र हलकी आहे आणि ती प्रत्येक गोष्टीत जाणवते. भिंती म्हणजे पातळ पॅनेल असल्याने त्यांवर जड फडताळ लावता येत नाही. देवघर शेवटी आम्ही जमिनीवरच्या चौरंगावर मांडले. पायाखालची जमीन भुशाच्या दाबीव फळ्यांची असून पाण्याने ती फुगते, आणि फुगलेली जागा बिस्किटासारखी मऊ लागते. घर बघताना सिंकखाली, कमोडभोवती आणि कपडे धुण्याच्या यंत्राच्या मागे पाय दाबून चालून पाहावे, हा सल्ला आम्हाला तपासनिसाने दिला होता. आम्ही दोन ठिकाणी पाहिले आणि तिसरे राहिले, ते पुढे साडेसहा हजार डॉलरना पडले, कारण त्याबरोबर जुने नळही बदलावे लागले. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर पश्चिमेकडची खोली तापते. पावसाचा आवाज कोकणातल्या पत्र्याच्या पडवीत बसल्यासारखा येतो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

छत हा या घरांचा खरा रोग आहे. उतार अगदी कमी असल्याने पाणी रेंगाळते, आणि दर काही वर्षांनी वरून जलरोधक थर द्यावाच लागतो. जानेवारी 2023 मध्ये बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतीच्या आमच्या भागात, जी वादळी पावसाची रांग लागली, तिच्यात आमच्या घराच्या दोन भागांच्या सांध्यावरून पाणी थेट दिवाणखान्यात उतरले. नवे छत 11 हजार डॉलरचे झाले. त्याखेरीज येथील माती चिकण असल्याने पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्याबरोबर टेकू थोडे वरखाली होतात आणि दारे अडकू लागतात. तेव्हा घराची पातळी पुन्हा साधून घ्यावी लागते, त्याचे 1,800 गेले. भूकंपाच्या प्रदेशात टेकूंवरचे घर खाली घसरण्याचा धोका वेगळाच. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात अनेक मोबाइल होम टेकूंवरून घसरली आणि गॅसच्या नळ्या तुटून आगी लागल्या होत्या. म्हणून भूकंपरोधक आधार बसवलेला आहे का, हे विचारून भागत नाही, घराखाली बॅटरी घेऊन कोणाला तरी वाकून पाहायला लावावे.

एवढे सगळे असूनही घराविषयी माझी तक्रार मोठी नाही. जुने घर म्हटल्यावर डागडुजी आलीच. खरा विचार करायचा तो जमिनीचा.

आपल्याकडची ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण जमीन आपली आहे असे गृहीत धरून चालते. येथे घर आपले आणि जमीन पार्कची, आणि तिच्यासाठी दरमहा जागाभाडे द्यायचे, अशी व्यवस्था आहे. मुंबईकरांना समजावे म्हणून सांगायचे तर हे पागडीच्या जवळचे आहे: मोठी रक्कम देऊन आत जायचे, मालकाला भाडे देत राहायचे, आणि सोडताना पुढच्या माणसाकडून रक्कम घ्यायची. येथे पार्कचा मालक विक्रीत वाटा मागत नाही, परंतु नवा खरेदीदार त्याला पसंत पडावा लागतो. कायद्याप्रमाणे तो भाडे देण्याची ऐपत आणि पूर्वीच्या वास्तव्यातील वागणूक एवढेच पाहू शकतो आणि त्याने 15 कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे असते. दुसरा फरक अधिक बोचणारा आहे. मुंबईतली पागडीची खोली कितीही पडकी झाली तरी तिची किंमत जागेमुळे टिकते, येथे मात्र लाकूड, पॅनेल आणि छत एवढेच आपले, आणि या तिन्हींना घसारा लागतो.

कॅलिफोर्नियात 1978 पासून मोबाइल होममधील रहिवाशांसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि तो वाचण्यासारखा आहे, कारण पार्कचे मॅनेजर तो नेहमी वाचतातच असे नाही. भाडेवाढीची नोटीस 90 दिवस आधी द्यावी लागते आणि कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांखेरीज कोणाला काढता येत नाही. आमच्या उपयोगी पडलेले कलम वेगळेच होते. 2022 मध्ये माझे आईवडील सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा वीस दिवसांनंतर पाहुण्यांचे जादा शुल्क लागेल असे पत्र कार्यालयातून आले. पाहुण्यांसाठी सलग 20 दिवस किंवा वर्षाला एकूण 30 दिवस ही मर्यादा कायद्यात आहेच, पण घरमालकाचे आणि त्याच्या जोडीदाराचे आईवडील हे निकटच्या कुटुंबात धरले जातात आणि कुटुंबातील माणसांच्या संख्येवरून शुल्क लावता येत नाही. कलमाची प्रत नेऊन दिल्यावर पत्र मागे घेतले गेले. आईला मी यातले काही सांगितले नाही, नाहीतर तिने तिसऱ्या आठवड्यातच परतीचे तिकीट काढायला लावले असते.

जागाभाडे किती वाढेल यावर सगळा हिशेब अवलंबून असतो, आणि ते गावागणिक बदलते. सॅन होजेच्या नियमाप्रमाणे वार्षिक वाढ महागाई निर्देशांकातील वाढीच्या 75 टक्के एवढी करता येते, पण ती किमान 3 आणि कमाल 7 टक्के या मर्यादेत. शेजारच्या माउंटन व्ह्यूने असे नियंत्रण 2021 मध्ये आणले. जेथे नियंत्रण नाही, तेथे पार्क नव्या खरेदीदाराला जागाभाडे वाढवून सांगू शकतो, आणि त्याने भाडे वाढवले की त्या प्रमाणात आपल्या घराची किंमत उतरते. आपण केलेल्या नव्या छताचा पैसा अशा रीतीने जमीनमालकाच्या खिशात जातो. मोठ्या गुंतवणूक कंपन्या देशभर अशी पार्क विकत घेत आहेत, त्याचे एक कारण हेच आहे की घर हलवता न येणारा भाडेकरू सहजासहजी सोडून जात नाही.

आता पैशांकडे वळतो. आम्ही 66 हजार डॉलर रोख भरले आणि 1 लाख 54 हजारांचे कर्ज घेतले. हे कर्ज नेहमीचे गृहकर्ज नसते. जमीन तारण नसल्याने बँक त्याला गाडीच्या किंवा यंत्राच्या कर्जासारखे वागवते, व्याज चढे आणि मुदत कमी. आम्हाला साडेसात टक्क्यांनी 20 वर्षांचे मिळाले, त्याचा हप्ता 1,241 डॉलर. जागाभाडे तेव्हा 1,150, विमा 85, पाणी, मैलापाणी आणि कचरा मिळून 125. एकूण साधारण 2,600. सोडलेल्या अपार्टमेंटचा खर्च पाण्यासह 3,250 होता, म्हणजे पहिल्या महिन्यात साडेसहाशे डॉलर वाचले आणि आम्ही सॅन होजेतल्या एका उपाहारगृहात जाऊन मिसळ खाऊन तो आनंद साजरा केला.

पुढे काय झाले ते कोणी विक्रेता सांगत नाही. 2020 मध्ये साथ आली, लोक बे एरिया सोडून जाऊ लागले आणि अपार्टमेंटची भाडी उतरली. आमच्या जुन्या इमारतीत तीच सदनिका महिन्याला काही शे डॉलरनी स्वस्त मिळू लागली. आमचे जागाभाडे मात्र त्या वर्षीही 3 टक्क्यांनी वाढले, कारण नियमातली ती किमान मर्यादा महागाई कमी असतानाही लागू असते. आज ते 1,350 आहे. पाच वर्षांचा मेळ घातला तर अपार्टमेंटच्या तुलनेत सरासरी बचत महिन्याला 450, म्हणजे एकूण 27 हजार डॉलर झाली. छत, नळ आणि पातळी यांवर 19,300 गेले. उरले 7,700. कर्जाच्या हप्त्यांतून मुद्दल सुमारे 20 हजारांनी कमी झाले, पण त्यासाठी 54 हजारांहून अधिक व्याज भरले. घर उद्या घेतल्या किमतीलाच विकले आणि दलाली म्हणून 6 टक्के दिले, तर हातात राहणारी जमेची बाजू साडेचौदा हजारांच्या आसपास. आणि 66 हजार डॉलर पाच वर्षे साध्या ठेवीत 4 टक्क्यांनी ठेवले असते, तरी जवळपास तेवढेच मिळाले असते.

म्हणजे कर्ज काढून मोबाइल होममध्ये राहिल्याने आमचे पैसे वाचले नाहीत. मोठी जागा, मागची खिडकी आणि तुळस तेवढी अपार्टमेंटच्या भावात मिळाली. हे वाईट नाही, पण ज्यासाठी आलो होतो ते हे नव्हते. माझ्या उजव्या हाताच्या शेजारीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत; त्यांनी आपले जुने घर विकून आलेल्या पैशातून हे रोख घेतले. त्यांना हप्ता नाही, व्याज नाही, केवळ जागाभाडे आणि किरकोळ खर्च आहेत, आणि याच शहरात त्यांच्या मुलीपासून दहा मिनिटांवर त्या निवृत्तिवेतनात राहू शकतात. या व्यवहाराचा खरा फायदा त्यांच्यासारख्यांना होतो. त्यांच्या वयाच्या लोकांसाठी 55 वर्षांवरील रहिवाशांची वेगळी पार्कही असतात. मुले असलेल्या कुटुंबाने घर पसंत करण्यापूर्वी पार्क कोणत्या प्रकारचे आहे ते विचारावे, म्हणजे फेरी वाया जात नाही.

एच-1बी, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या, व्हिसावर असलेल्यांनी मात्र याहून अधिक सावध राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधण्यासाठी 60 दिवस मिळतात. अपार्टमेंटचा करार काही दंड भरून मोडता येतो. स्वतःच्या जमिनीवरचे घर भाड्याने देऊन भारतात परतता येते. येथे बहुतेक पार्कमध्ये घर भाड्याने द्यायला मनाईच असते, आणि विकायचे तर खरेदीदार शोधणे, त्याला कर्ज मिळणे, पार्कची मंजुरी मिळणे आणि राज्याच्या गृहनिर्माण खात्यात मालकी बदलणे हे सगळे त्या 60 दिवसांत बसवावे लागते. तोपर्यंत जागाभाडे चालूच राहते. आमच्याकडे ग्रीन कार्ड होते म्हणून आम्ही हा धोका पत्करला. नसते तर पत्करला नसता.

पार्कच बंद झाले तर काय, ही भीती पोकळ नाही. पालो आल्टो शहरातील एकमेव मोबाइल होम पार्क असलेले ब्युएना व्हिस्टा बंद करण्याचा अर्ज त्याच्या मालकाने 2012 मध्ये केला. तेथील सुमारे चारशे रहिवाशांची, ज्यांत बहुसंख्य कष्टकरी स्पॅनिशभाषक कुटुंबे होती, पाच वर्षे अनिश्चिततेत गेली, आणि अखेर 2017 मध्ये सांता क्लारा काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने ते पार्क सुमारे 4 कोटी डॉलरना विकत घेतले म्हणून ती घरे वाचली. प्रत्येक पार्कला असा वाली मिळेल, असे धरून चालता येत नाही. कायद्यानुसार मालकाला नोटीस आणि रहिवाशांवर होणाऱ्या परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, तरी जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या या सिलिकॉन खोऱ्यात हे संरक्षण कितपत पुरेल याचा विचार घेणाऱ्याने करावा.

यावर एक तोडगा आपल्याला अगदी परिचयाचा आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातील मेरेडिथ गावी 1984 मध्ये रहिवाशांनी एकत्र येऊन आपले पार्क सहकारी तत्त्वावर विकत घेतले, आणि त्या धर्तीवर आज देशात तीनशेहून अधिक पार्क रहिवाशांच्या मालकीची आहेत. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचाच हा प्रकार: सभासद, निवडून दिलेली समिती, वार्षिक सभा आणि अर्थातच पार्किंगवरून भांडणे. असे पार्क मिळत असेल तर मी कर्जाचा मुद्दाही थोडा बाजूला ठेवीन, कारण जागाभाड्याचा निर्णय ज्याच्या हातात असतो तोच त्या घराचा अर्धा मालक असतो.

भाच्याने जे घर पाहिले होते ते नवे, देखणे, 4 लाख 10 हजार डॉलरचे होते. तो 10 टक्के भरणार होता, कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांचे मिळणार होते, आणि जागाभाडे 2,000 होते. हप्ताच 3,320 होतो, जागाभाडे धरून 5,300 च्या वर जाते, आणि तो आज अपार्टमेंटला 3,300 देतो. त्याने हे गणित केले नव्हते असे नाही; विक्रेत्याने दिलेल्या कागदावर फक्त हप्ता छापलेला होता आणि जागाभाडे खाली बारीक अक्षरात होते. तो आता आहे तेथेच राहणार आहे.

आम्हीही तूर्त येथेच राहू. मुलीची शाळा जवळ आहे, छत नवे आहे आणि झालेला खर्च परत येत नाही. जागाभाडेवाढीची पुढची नोटीस आली की पाच वर्षांचा हाच कागद काढून त्याखाली सहावी ओळ लिहायची, एवढे मात्र पत्नीने आणि मी ठरवले आहे.